‘<’ चा अर्थ कोण ठरवतो? पोस्टग्रेसमधील प्रकार-रूपांतराचा इतिहास

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै औद्योगिक वसाहतीतील मोटारींच्या दोन सुट्या भागांचे क्रमांक ९ आणि १० आहेत, असे समजा. लहान कोणता? संख्या मानल्या तर ९. मजकूर मानला तर अक्षरक्रमाने ‘१०’ आधी येतो. चिन्ह ‘<’ हेच, पण त्यामागची क्रिया डेटाटाइपप्रमाणे बदलते. ही निवड डेटाबेस कशी करू लागला, ते पाहू.

१९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात इंग्रेस हा रिलेशनल डेटाबेस तयार झाला. त्यात डेटाटाइप मोजकेच होते. तिथेच १९८६ मध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली पोस्टग्रेसचे काम सुरू झाले. वापरकर्त्याला स्वतःचे डेटाटाइप आणि ऑपरेटर घडवता यावेत, हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. साहजिकच एका ‘<’ मागे अनेक ऑपरेटर उभे राहिले आणि निवडीचे नियम आवश्यक ठरले. आज हे नियम थोडक्यात असे आहेत: दोन्ही बाजूंच्या डेटाटाइपशी तंतोतंत जुळणारा ऑपरेटर असेल तर तोच घ्यायचा, नसेल तर आपोआप होणाऱ्या रूपांतराने जुळणारे ऑपरेटर पाहायचे, त्यांतून एक निवडता आला नाही, तर चूक दाखवायची.

१९९६ मध्ये या डेटाबेसला पोस्टग्रेएसक्यूएल हे नाव मिळाले. त्या काळी जवळजवळ कोणत्याही डेटाटाइपचे आपोआप मजकुरात रूपांतर होई. ही सोय घातक होती. पुढील अट पाहा:

करंट_डेट < २००९-०५-२०

तारखेभोवती अवतरणचिन्हे नाहीत, म्हणून ही वजाबाकी आहे. तिचे उत्तर १९८४. तारीख आणि पूर्णांक यांची तुलना करणारा ऑपरेटर नाही. मग डेटाबेस दोन्ही बाजूंचा मजकूर करी आणि ‘२००८-०२-०४’ ची तुलना ‘१९८४’ शी होई. उत्तर ‘असत्य’ येई. खरे तर ते ‘सत्य’ हवे. चुकीची सूचना मात्र कुठेच नाही.

२००२ च्या ७.३ आवृत्तीत रूपांतराचे तीन वर्ग झाले: स्पष्ट मागितल्यावरच होणारे, स्तंभात मूल्य भरताना होणारे आणि आपोआप होणारे. फेब्रुवारी २००८ मधील ८.३ आवृत्तीने मजकुरेतर डेटाटाइपचे मजकुरात आपोआप होणारे रूपांतर थांबवले. वरची अट आता नाकारली जाते. त्या बदलाने कित्येक जुन्या क्वेरी अडल्या आणि त्यांत ‘कास्ट’ लिहावे लागले.

क्वेरी अडली तर तुम्ही ती दुरुस्त करता; गुपचूप आलेले चुकीचे उत्तर मात्र अहवालात तसेच छापले जाते. म्हणून तारीख अवतरणचिन्हांत लिहा आणि रूपांतर हवे तिथे ते स्वतः मागा.