खिळे जड होते तेव्हा

जेवायला बोलावलेल्या पाहुण्याने हात धुतल्यावर यजमानाचे पातेलेच मागितले, तर आपण हसू. पण अक्षरांच्या व्यवहारात अशी मागणी रोज होते, आणि कोणी हसत नाही. समजा, जळगावच्या एका दुकानदाराने दुकानाची पाटी आणि जाहिरात एका कलाकाराकडून आखून घेतली. पैसे चुकते केले. मग तो सहज म्हणतो, “तो फॉन्टही देऊन ठेवा, धुळ्याच्या दुकानाला लागेल.” फॉन्ट म्हणजे संगणकातला अक्षरांचा संच. कलाकाराने तो परवान्यासह विकत घेतलेला असतो. पुढे वाटण्याचा हक्क त्याला नसतो. “नाही” म्हणावे तर गिऱ्हाईक तुटते, “हो” म्हणावे तर मन खाते.

हा पेच नवा दिसतो. त्याचे मूळ मात्र जुने आहे. धुळ्याचेच पाहा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली याच गावी निवर्तले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखिते याच गावच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. अशा जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्कळदा लेखकाची विनवणी आढळते: मला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. नक्कल करायला महिने लागत. म्हणून पोथी उसनी देणारा आणि नेणारा, दोघेही तिची किंमत जाणत.

पुढे शिशाचे खिळे आले. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात पोरवयात खिळे घासणाऱ्या जावजी दादाजींनी १८६४ साली स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी त्यांच्यासाठी देवनागरीचे ठसे कोरले. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरे धरून आपल्या लिपीला शेकडो खिळे लागतात. एकेक ठसा पोलादावर उलटा कोरायचा, तांब्यात दाबून साचा करायचा, मग शिसे ओतायचे. जावजींनी धंद्याची विद्या दुसऱ्याच्या छापखान्यात मिळवली, अक्षरे मात्र नव्याने कोरवून घेतली. विद्या नेणे आणि वस्तू नेणे यांतला भेद येथे स्पष्ट दिसतो.

त्या काळी गिऱ्हाईक छापलेली पत्रिका घेऊन जाई. खिळे छापखान्यातच राहत. मणभर शिसे कोण उचलून नेणार? तरीही चोरी अशक्य नव्हती. विजेच्या साह्याने तांबे चढवण्याची कला १८३८ च्या सुमारास निघाली. पुढे अमेरिकेतील ओतशाळा एकमेकींचे खिळे विकत घेऊन त्यांवरच तांबे चढवीत आणि आयते साचे करून घेत. कोरणाऱ्याचे श्रम एका रात्रीत दुसऱ्याच्या पदरात पडत.

संगणक आला आणि वजनच नाहीसे झाले. त्यातून आपल्या मराठीची एक खास अडचण होती. सुरुवातीच्या काळात प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची सांकेतिक भाषा वेगळी. जळगावात जुळवलेला मजकूर धुळ्यात उघडावा, तर तोच फॉन्ट तेथे नसल्यास अक्षरांऐवजी नुसता गोंधळ दिसे. साहजिकच मजकुराबरोबर फॉन्टही पाठवण्याची सवय पडली. ती लबाडीतून कमी आणि गरजेतून अधिक पडली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. युनिकोडमुळे ती गरज आता उरलेली नाही. कोणत्याही युनिकोड फॉन्टात मजकूर वाचता येतो. गरज गेली, सवय तेवढी राहिली.

“पण मी पैसे दिले ना?” हा दुकानदाराचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तरही सरळ हवे. पैसे पाटीचे दिले, आणि पाटी त्याची झाली. शिंप्याला शिलाई दिल्याने त्याची कात्री आपली होत नाही. कलाकारानेही मौन धरू नये. काम घेतानाच सांगावे, की तयार चित्र किंवा पीडीएफ मिळेल. फॉन्ट हवा असल्यास त्याचा परवाना दुकानाच्या नावे घ्यावा लागेल, आणि खर्च इतका येईल. पुष्कळ तंटे लबाडीने होत नाहीत, न बोलल्याने होतात.

ज्याला खर्च झेपत नाही, त्याच्यासाठीही वाट आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींनी ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट खुल्या परवान्याने दिले आहेत. ते कोणीही वापरावेत, कोणालाही द्यावेत. कोरणारा स्वतः देतो, तेव्हा ते दान ठरते. आपण परस्पर वाटतो, तेव्हा ते दुसऱ्याच्या खिशातले दान होय.

शिसे जड होते, म्हणून प्रामाणिकपणाची परीक्षा क्वचित होई. आता अक्षर हलके झाले आहे. ते उचलायला बोटही पुरते. जे वजन पूर्वी शिशात होते, ते आता आपल्या शब्दात असावे लागेल.