मेगरचं एक मिनिट

मोटर रिवाइंड होऊन आली किंवा जनरेटर पावसाळाभर बंद राहिला, की चालू करण्याआधी त्याला मेगर मारतात. टर्मिनल बॉक्स उघडायचा, एक वायर वाइंडिंगला लावायची, दुसरी बॉडीला, आणि हँडल फिरवायचं. काटा आधी खालीच घुटमळतो, मग सावकाश वर चढू लागतो. जाणता वायरमन चढत्या काट्याचा आकडा लिहीत नाही. तो घड्याळ बघतो आणि एक मिनिट झालं की वाचन घेतो. वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन ओलं किंवा फुटकं आहे का, याचा पहिला निवाडा या आकड्यावर होतो.

पण मिनिटच का? अर्धं का नाही, तीन का नाहीत?

दुकानात विचारलं तर उत्तर मिळतं, की त्याहून जास्त हँडल फिरवलं तर हात भरून येतो. उत्तर झकास आहे, पण काळाच्या हिशेबात बसत नाही. सिडनी एव्हरशेडचा चाचणी-संच १८८९चा आणि ‘मेगर’ हे नाव १९०३मधलं. मिनिटाची चाल त्याआधीची आहे, आणि तेव्हा हँडल नव्हतंच. होत्या बॅटऱ्या आणि गॅल्व्हानोमीटर. माझ्या मते हे मिनिट समुद्रातून आलं आहे.

१८५८ साली अटलांटिकच्या तळाशी पहिली तारायंत्राची केबल पडली. व्हिक्टोरिया राणीचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांना गेला, जल्लोष झाला आणि जेमतेम तीन आठवड्यांत केबल मुकी झाली. केबल कंपनीचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस याने तिच्यावर सुमारे दोन हजार व्होल्ट सोडले होते. सुएझहून एडनमार्गे कराचीला येणारी तांबड्या समुद्राची केबलही टिकली नाही. एवढा पैसा बुडाल्यावर चौकशी समिती बसली, १८६१ साली अहवाल आला आणि केबल पाण्यात सोडण्याआधी कसून तपासण्याची शिस्त लागली.

या केबलवर मलायातल्या झाडाच्या चिकाचं, गट्टापर्चाचं वेष्टण असे. तांबड्या समुद्राची केबल बर्कनहेडच्या कारखान्यात तयार होत असताना फ्लीमिंग जेन्किन या तरुण अभियंत्याने या वेष्टणातून किती वीज झिरपते ते मोजलं. (‘ट्रेझर आयलंड’वाल्या स्टीव्हन्सनने पुढे ज्याचं चरित्र लिहिलं, तोच हा जेन्किन.) गट्टापर्चाचा स्वभाव विचित्र होता. विद्युतदाब लावला की प्रवाह आधी जास्त दिसे आणि मग मिनिटागणिक उतरत जाई. म्हणजे एकाच केबलचा रोध लगेच मोजला तर कमी आणि थांबून मोजला तर जास्त भरे.

आता केबल विकणारा आणि घेणारा समोरासमोर आहेत अशी कल्पना करा. मोजायचं कधी हे ठरलं नाही तर भांडण ठरलेलंच. म्हणून करारांत शब्द पक्के झाले: ७५ अंश फॅरेनहाइट तापमानाला, एक मिनिट विद्युतभारित ठेवून, मैलामागे इतके मेगओहम. मिनिटाचं मूळ मला या करारांत दिसतं.

भौतिकशास्त्रवाल्यांचा आक्षेप वजनदार आहे. त्यांचं म्हणणं, सुरुवातीचा भरणा-प्रवाह मिनिटात विरतो, म्हणून मिनिट. पण कपॅसिटरसारखा भरणारा प्रवाह बहुधा काही सेकंदांतच संपतो. मागे रेंगाळतो तो इन्सुलेशनमध्ये मुरणारा शोषण-प्रवाह, आणि मोठ्या जनरेटरमध्ये तो मिनिट उलटून गेल्यावरही चांगला चालू असतो. निसर्गाने वेळ ठरवली असती तर विहिरीवरचा पंप आणि औष्णिक केंद्रातला जनरेटर यांना एकच मिनिट मिळालं नसतं.

समुद्रातलं मिनिट यंत्रांपर्यंत आलं कसं? माणसांबरोबर. लंडनमध्ये १८७१ साली स्थापन झालेली तारायंत्र-अभियंत्यांची संस्था १८८०च्या दशकाअखेर नाव बदलून विद्युत अभियंत्यांची झाली. कालचे केबलवाले आणि आजचे डायनॅमोवाले एकाच सभागृहात बसत. तिचा एक अध्यक्ष विलोबी स्मिथ. केबल-चाचणीला प्रचंड रोध हवा म्हणून त्याने सेलेनियमच्या कांड्या वापरल्या, तर प्रकाश पडला की त्यांचा रोध घटे! त्यातून १८७३ साली प्रकाशविद्युत संशोधनाची वाट निघाली. एक मिनिट त्या मानाने क्षुल्लक उसनवारी. मुंबईशीही या परंपरेचा थेट संबंध आहे: १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबई-एडन केबल टाकली.

पुढे यंत्रवाल्यांनी या मिनिटात स्वतःची भर घातली. केबलवाल्यांना अडचण वाटणारा चढता काटाच त्यांनी कामाला लावला. ओल्या किंवा मळलेल्या वाइंडिंगमधून गळती इतकी होते, की काटा फारसा हलत नाही; कोरड्या वाइंडिंगवर तो चढत राहतो. म्हणून दहाव्या मिनिटाच्या वाचनाला पहिल्या मिनिटाच्या वाचनाने भागायचं. उत्तर दोन किंवा जास्त आलं तर बहुतेक वाइंडिंग ठीक. यालाच पोलरायझेशन इंडेक्स म्हणतात. दहाच का, तर गुणोत्तराला सोपा आकडा म्हणून, असा माझा तर्क. आजच्या इपॉक्सी-मायका इन्सुलेशनचा रोध मिनिटालाच ५,००० मेगओहमच्या वर जातो, तेव्हा हा भागाकार फारसा धरत नाहीत. मिनिटाचं वाचन मात्र तरीही घेतात, ४० अंश सेल्सिअसला आणून.

मिनिट कराराचं आहे हे मान्य केलं, तर कामाची एक गोष्ट त्यातून निघते. ‘मेगर २०० आला’ एवढ्याने फारसं काही कळत नाही. त्याच यंत्राचं गेल्या वर्षीचं वाचन, तितक्याच व्होल्टचं, तितक्याच वेळाचं, त्याच तापमानाला आणलेलं, शेजारी हवं. तेव्हा ८०० असेल तर आजचे २०० धोक्याचे. तेव्हाही २०० असेल तर यंत्र आहे तसंच आहे. नवा डिजिटल मेगर घेण्याआधी जुनं रजिस्टर सापडतंय का ते बघावं.