आकृतीच्या आधी

क्षेत्रांच्या पुंजसिद्धांताकडे वळणारा विद्यार्थी आज प्रथम रेघा ओढावयास शिकतो. सरळ रेघ म्हणजे इलेक्ट्रॉन, नागमोडी रेघ म्हणजे प्रकाशकण, आणि त्या जेथे मिळतात तो बिंदू म्हणजे त्यांची परस्परक्रिया. रिचर्ड फाइनमन यांनी १९४८ साली या आकृत्या विद्वानांपुढे मांडल्या तेव्हा त्यांचे स्वागत थंडेच झाले. १९४९ साली फ्रीमन डायसन यांनी त्यांना गणिताचे अधिष्ठान दिले आणि त्या रूढ झाल्या. पण त्या हाती नसताना हे काम कसे चाले, हे जाणण्यासाठी श्रोत्यांनी माझ्याबरोबर युद्धकाळातील बंगळूरला यावे.

१९३९ साली होमी भाभा केंब्रिजहून सुटीवर स्वदेशी आले होते. युद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, रामन यांच्या भौतिकी विभागात, ते प्रपाठक झाले. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे त्यांनी १९३५ साली केलेले गणित आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्या टकरीत दोन वाटा संभवतात. एक, दोघे प्रकाशकणाची देवघेव करून दिशा बदलतात. दुसरी, दोघेही लोपून प्रकाशकण उरतो आणि त्यातून पुन्हा जोडी जन्मते. आज याच्या दोन आकृत्या काढतात. भाभांनी डिरॅक यांच्या समीकरणातून दोन्ही पदे हाताने काढली. पदांची बेरीज आधी आणि वर्ग नंतर, हा नियम पाळला म्हणजे दोन वाटांचा परस्परांवरील परिणामही हिशेबात येतो.

१९४३ साली कानपूरचे हरीशचंद्र अलाहाबादचे शिक्षण संपवून भाभांकडे आले. बिंदुरूप कणांच्या सिद्धांतावर दोघांचा निबंध १९४४ साली प्रसिद्ध झाला. बिंदूएवढ्या विद्युद्भाराच्या स्वतःच्याच क्षेत्राची ऊर्जा अनंत ठरते, ही त्या विषयातली जुनी अडचण. आकृतीतल्या बंद वळशांत अनंत पुन्हा भेटतो. रेघांनी हिशेब सोपा केला. मूळ कोडे पुसले नाही.

१९४५ साली हरीशचंद्र केंब्रिजला डिरॅक यांच्याकडे गेले. तेथे त्यांची डायसनशी गाठ पडली. भौतिकी अव्यवस्थित आणि निसटती वाटते म्हणून आपण गणिताकडे जात आहोत, असे ते म्हणाले. तर नेमक्या त्याच कारणांसाठी आपण गणित सोडून भौतिकीकडे येत आहोत, असे डायसन यांचे उत्तर होते. दोघांनीही आपला शब्द खरा केला.

सरकारी नस्तीवरील दोन शब्दांचा शेरा, खालची पाने वाचणाऱ्यालाच नीट उमगतो. आकृतीचेही तसेच आहे. विद्यार्थ्याने भाभांचे ते गणित एकदा तरी रेघेविना, आपल्या हाताने पुरे करावे. मग आकृतीतली प्रत्येक रेघ किती पानांच्या बदली उभी आहे, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही. आणि अनंत समोर आला असता हरीशचंद्रांच्या वाटेने जावे की डायसन यांच्या, हेही त्याचे त्यालाच ठरविता येईल.