नाडी, प्रकाश आणि सावळी त्वचा

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली आणि परभणी जिल्ह्यातही घरोघरी पथके फिरू लागली. पथकातली माणसे उंबरठ्याबाहेरूनच हात मागत, बोटाला चिमट्यासारखे यंत्र लावत आणि क्षणभराने आकडा सांगत. ‘ऑक्सिजन किती?’ हा प्रश्न तेव्हा क्षेमकुशलाच्या जागी आला होता.

वैद्यापुढे नाडीसाठी हात करणाऱ्या आपल्या समाजाला ही कृती नवी नव्हती. या यंत्राचा जन्मही नाडीतूनच झाला, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लेन मिलिकन यांनी वैमानिकांसाठी कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून रक्तातील ऑक्सिजन मोजणारे उपकरण केले होते. अडचण अशी, की धमनीतल्या रक्ताबरोबर त्वचा, मांस, शिरांतले रक्त हेही प्रकाश शोषतात. जपानमधील निहोन कोहदेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी १९७२ च्या सुमारास वेगळ्याच कामात होते. रक्तात रंगद्रव्य सोडून हृदयातून किती रक्त बाहेर पडते, हे ते कानापाशी मोजू पाहत. नाडीचे ठोके त्यांच्या आलेखात सारखे व्यत्यय आणीत. ते घालवण्याच्या खटपटीत त्यांना उमगले, की ठोक्यागणिक बदलतो तेवढाच अंश धमनीचा. जे स्थिर राहते ते वगळता येते. मग लाल व अवरक्त अशा दोन प्रकाशांच्या गुणोत्तरातून ऑक्सिजनचे प्रमाण काढता आले. १९७४ मध्ये त्यांनी हे मांडले. १८ एप्रिल २०२० रोजी ते निवर्तले, म्हणजे पथके आमच्या दारी येण्याच्या पाचच महिने आधी.

त्वचा वगळता येते, असे सिद्धान्त म्हणतो. पण त्या गुणोत्तरावरून कोणता आकडा दाखवायचा, हे निरोगी स्वयंसेवकांवर मोजून ठरवावे लागते, आणि ते स्वयंसेवक प्रामुख्याने गोरे होते. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतील खरे प्रमाण ८८ च्या खाली असल्याचे कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के, तर श्वेतवर्णीयांत ३.६ टक्के वेळा आढळले. आपल्या सावळेपणाला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे खरे. तरी गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा अशा छटा जपणाऱ्या भाषेच्या माणसांनी, तेही सावळ्या विठ्ठलात रमलेल्या जनाबाईच्या जिल्ह्यात, या प्रश्नाशी थबकायला हवे होते.

त्या दिवशी वहीत आमच्या नावापुढे ९६ लिहिले गेले. शेजारी राहणाऱ्या, उभा जन्म उन्हात कापूस वेचून रापलेल्या मावशींच्या नावापुढेही ९६ च. ते दोन आकडे एकच आहेत का, हे विचारणे तेव्हा आम्हाला सुचले नाही.