विवाहपूर्व रक्तपरीक्षा : एका बेटाचा इतिहास

विवाह जुळविताना गोत्र, पत्रिका व घराणे पाहण्याची आपल्या समाजाची रीत जुनी आहे. त्यांत रक्तपरीक्षेची भर घालावी काय, हा प्रश्न आज अनेक घरांत निघतो. ही परीक्षा लोकांनी अन्यत्र कशी स्वीकारली, हा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे आम्ही ठेवीत आहो.

थॅलसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक रोग होय. १९२५ साली अमेरिकेतील डॉ. थॉमस कूली यांनी त्याचे वर्णन केले. मातापित्यांपैकी एकाकडूनच दोष आल्यास मनुष्य केवळ वाहक होतो. तो धडधाकट असतो. परंतु पतिपत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक खेपेस अपत्य रोगी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. अशा बालकास दर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरचे रक्त द्यावे लागते.

भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर सुमारे सात माणसांमागे एक वाहक आढळतो. तेथे पूर्वी हिवतापाचे थैमान असे आणि वाहकांस त्यापासून काहीसे संरक्षण मिळे, हे त्याचे कारण मानतात. उपचारांनी रोगी मुले जगू लागली, तसा रक्ताचा व पैशाचा प्रश्न बिकट झाला. प्रतिबंधावाचून गत्यंतर उरले नाही.

तथापि नुसती माहिती पुरत नाही, हे ग्रीसमधील ऑर्कोमेनोस गावी दिसून आले होते. तेथे सिकलसेल या रक्तरोगासाठी गावकऱ्यांची तपासणी झाली. पण वाहकांच्या माथी कलंक आला, आणि काहींनी आपले वाहकपण लपविले. १९७४ साली हा अनुभव प्रसिद्ध झाला.

सायप्रसमध्ये डॉक्टर, रोग्यांचे पालक व धर्मसंस्था एकत्र आल्या. १९८३ च्या सुमारास तेथील ऑर्थोडॉक्स चर्चने विवाहापूर्वी तपासणीचा दाखला आवश्यक केला. त्या दाखल्याचे मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. तपासणी झाली व सल्ला मिळाला, एवढेच त्यात लिहिलेले असते. निष्कर्ष वधूवरांपाशीच राहतो. विवाहास मनाई होत नाही. दोघे वाहक ठरले, तरी बहुतेक जोडपी विवाह करतातच, आणि पुढे गर्भाची तपासणी करवून घेतात. नियम सर्वांस सारखा असल्याने कोणतेही एक घर बोटावर येत नाही. तेथे अशा रोगी बालकांचा जन्म पुढे जवळजवळ थांबला.

आपल्या देशातही हा विषय परका नाही. सिंधी, पंजाबी व लोहाणा समाजांत थॅलसेमियाचे, तर विदर्भातील अनेक समाजांत सिकलसेलचे वाहक आढळतात. १ जुलै २०२३ रोजी शहाडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पिढ्यानपिढ्या आपसांतच सोयरिकी होत आल्या, म्हणजे एकच दोष दोन्ही घरांत असण्याचा संभव वाढतो. यास्तव आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांवर या कामी अधिक जबाबदारी येते.

आमच्या मनात भय आहे ते मुलींविषयी. आपल्याकडे अपत्यात काही न्यून निघाले की बोल सुनेला लागतो. वस्तुतः हा रोग होण्यास मातापित्यांचा वाटा समसमान असतो. म्हणून आमची नम्र सूचना अशी : वधूवर मेळाव्याच्या अर्जात तपासणी झाली किंवा नाही, एवढेच विचारावे, निष्कर्ष विचारू नये. आणि मुलामुलींची तपासणी बोलणी सुरू होण्यापूर्वीच, शिक्षण चालू असताना व्हावी. साखरपुडा झाल्यावर हाती आलेला कागद मने मोडतो; आधी आलेला कागद मार्ग दाखवितो. सुज्ञ मंडळींनी याचा अवश्य विचार करावा.