रावागेदे : भातशेतीतले एक गाव आणि मुदतीबाहेरचा एक दावा

जावा बेट म्हटले की आपल्यापैकी वाचन असलेल्यांना बोरोबुदूरचा स्तूप आठवतो, रामायणाची छायानाट्ये आठवतात. मी ज्या गावाविषयी सांगणार आहे तेथे यातले काहीच नाही. तेथे लेणी नाहीत, शिलालेख नाही, राजवाडा नाही. तेथे भात आहे. जकार्ता शहराच्या पूर्वेस सुमारे साठ किलोमीटरांवर करावांग नावाचा जिल्हा लागतो. चितारुम नदीच्या गाळाने तयार झालेला हा सपाट मुलूख. त्यात करावांग शहर आणि रेंगासदेंगक्लोक हे गाव यांच्या आसमंतात रावागेदे वसलेले आहे. 'रावा' म्हणजे दलदल आणि 'गेदे' म्हणजे मोठी. आपल्याकडे चिखली नावाची गावे जिल्ह्याजिल्ह्यांत सापडतात, त्यांच्याच जातकुळीतले हे नाव. आज सरकारी दप्तरात या गावाला बालोंगसारी म्हणतात. परंतु जुने नाव जगाच्या कानांवर गेले ते एका कोर्टाच्या निकालामुळे, आणि त्या निकालापर्यंत मला पोचवायचे आहे.

या भागात भात आला तो लढाईच्या गरजेपोटी. मध्य जावातील माताराम राज्याचा सुलतान आगुंग याने १६२८ आणि १६२९ अशी लागोपाठ दोन वर्षे डचांच्या बटाविया ठाण्यावर, म्हणजे आजच्या जकार्तावर, चढाई केली. दोन्ही वेळा तो हरला, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे सैन्याला धान्य पुरले नाही. वाटेवरची तांदळाची कोठारेच डचांनी जाळून टाकली होती. तेव्हा सुलतानाने करावांगच्या जंगलात आणि दलदलीत माणसे पाठवून खाचरे काढवली. पुढे सुलतान गेला, राज्य गेले, खाचरे राहिली. आणि गंमत अशी की ज्या बटावियाला वेढा घालण्यासाठी हा भात लावला, त्याच बटावियाच्या ताटात तो पुढे तीनशे वर्षे पडत राहिला. डचांनी १९२० नंतरच्या दशकात वालाहार येथे चितारुमवर बंधारा बांधला आणि करावांग हे भाताचे कोठार म्हणून कायमचे ओळखले जाऊ लागले.

भात कापायचा तो बायकांनी. 'आनी-आनी' म्हणून तळहातात लपेल एवढे लहान पाते असते. त्याने एकेक लोंबी खुडायची. उघडा विळा पाहून भाताची देवी भिते, अशी तेथली श्रद्धा. त्या देवीचे नाव देवी श्री. गाव मुसलमानी, आणि भाताची देवी श्री! आपल्याकडच्या कित्येक विद्वानांनी या गोष्टीवर पाने भरली आहेत. मला मात्र त्या पात्याचे दुसरे अंग अधिक महत्त्वाचे वाटते. एकेक लोंबी खुडायची तर पुष्कळ हात लागतात, आणि खुडणाऱ्या प्रत्येक बाईला कापलेल्या भातातला ठराविक वाटा मिळतो. ज्यांच्याकडे वीतभर जमीन नाही त्यांची चूल या वाट्यावर पेटत असे. पुढे विधवांचे काय झाले हे समजायचे तर ही व्यवस्था ध्यानात ठेवली पाहिजे.

१९४२ साली जपानी आले. त्यांनी भाताची सक्तीची लेव्ही बसवली, माणसे वेठीला नेली. बाहेरून कापड येणे बंद झाले. जावातल्या खेड्यांतून माणसे गोणपाट गुंडाळून हिंडत होती. मयताला कफन मिळेना. १९४५ च्या ऑगस्टात जपान शरण गेला. १६ ऑगस्टच्या पहाटे काही तरुणांनी सुकार्नो आणि हट्टा या दोघा पुढाऱ्यांना उचलून रेंगासदेंगक्लोकला आणले आणि 'आता स्वातंत्र्य जाहीर करा' म्हणून धरणे धरले. दुसऱ्या दिवशी जकार्तात स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. तो दिवस १७ ऑगस्ट १९४५. रावागेदेच्या लोकांच्या हिशेबी त्या दिवसापासून ते स्वतंत्र देशाचे नागरिक होते. हॉलंडच्या हिशेबी नव्हते. पुढचे सारे रामायण या एका तारखेवरून घडले.

येथे आपल्या बाजूची दोन पाने उलटली पाहिजेत. एक अडचणीचे आहे, ते आधी. जपान्यांची शस्त्रे उतरवण्याच्या निमित्ताने इंग्रजांनी जावात जे सैन्य उतरवले त्यात हिंदी पलटणींचा मोठा भरणा होता. ऑक्टोबर १९४५ मध्ये सुराबायाला उतरलेल्या ब्रिगेडीत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. म्हणजे सातारा-रत्नागिरीकडची शेतकऱ्यांची मुले दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्यांच्या मुलांशी लढली, आणि कोणाच्या राज्यासाठी, हे सांगायला नको. करावांगच्या शेजारचे बेकासी गाव १३ डिसेंबर १९४५ रोजी इंग्रजी फौजेने जाळले. तेथे उतरावे लागलेल्या एका विमानातले वैमानिक आणि हिंदी शिपाई मारले गेले, त्याचा तो सूड. दुसरे पान बरे आहे. त्याच ऑक्टोबरात सिडनी बंदरात डचांची शस्त्रे नेणाऱ्या बोटींवर काम करण्यास हिंदी खलाशांनी नकार दिला. ऑस्ट्रेलियन गोदी कामगारांनी आधीच बहिष्कार पुकारला होता, त्यात हे सामील झाले. परदेशच्या बंदरात खिशात दमडी नसताना बोटीवरून उतरायचे म्हणजे काय, हे ज्याने कधी संप केला आहे त्याला कळेल.

१९४६ साली आपल्याकडे धान्याची टंचाई होती. जावाच्या नव्या प्रजासत्ताकाचे पंतप्रधान शारीर यांनी हिंदुस्थानला पाच लाख टन तांदूळ देऊ केला आणि बदल्यात कापड व शेतीची अवजारे मागितली. ज्याचे स्वतःचे लोक गोणपाट नेसत होते तो देश भात देऊन कापड मागतो, यात भीक नव्हती, व्यवहार होता. आणि व्यवहाराच्या आडून आपले राज्य जगाने मानावे हा हेतूही होता. डचांनी समुद्रावर नाकेबंदी केली, त्यामुळे ठरला तेवढा तांदूळ आला नाही. ज्यांच्या घरात तीन-तीन पिढ्या कापडगिरणीत गेल्या त्यांनी तरी हा सौदा विसरू नये.

२१ जुलै १९४७ रोजी डचांनी मोठी चढाई केली. नाव दिले 'पोलिस कारवाई'. सैन्याच्या आतल्या कागदांत तिचे नाव 'उत्पादन मोहीम' असे होते, आणि ते अधिक प्रामाणिक म्हटले पाहिजे, कारण मळे, कारखाने आणि भाताचा मुलूख ताब्यात घेणे हाच तिचा हेतू होता. हिंदुस्थान व ऑस्ट्रेलिया यांनी हा प्रश्न सुरक्षा समितीपुढे नेला, ऑगस्टच्या आरंभी युद्धबंदी झाली. पण करावांग डचांच्या ताब्यात गेले ते गेलेच. दिवसा डचांची गस्त आणि रात्री गनिमांची हालचाल, असे तेथले दिवस चालले. गनिमांचा एक नायक कॅप्टन लुकास कुस्तारियो. तो रावागेदेत येऊन जातो, अशी खबर डचांना लागली.

८ डिसेंबर १९४७ रोजी जकार्ताच्या बंदरात 'रेनव्हिल' नावाच्या अमेरिकन जहाजावर तहाची बोलणी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी पहाटे मेजर आल्फोन्स वायनेन याच्या हुकुमतीखाली डच तुकडीने रावागेदेला वेढा दिला. पावसाळ्याचे दिवस होते. लुकास सापडला नाही. तो कोठे आहे ते गावाने सांगितले नाही. कित्येकांना ठाऊकही नसेल. तेव्हा पुरुषांना घरांतून बाहेर काढले, रांगांत उभे केले आणि गोळ्या घातल्या. पोरसवदा मुलेही त्यात होती. डचांनी मेलेल्यांचा आकडा दीडशे धरला. गाव ४३१ सांगते. या दोन आकड्यांमधल्या फरकाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी एवढेच म्हणेन की मेलेल्यांना ज्यांनी पुरले त्यांच्या मोजणीला माझ्याकडे जास्त वजन आहे.

पुरले ते बायकांनी. गावात खड्डा खणायला पुरुष फारसे उरले नव्हते. पावसाने भिजलेल्या जमिनीत जेवढे खोल जाता आले तेवढे त्या गेल्या, आणि मिळेल त्या कापडात आपले नवरे, भाऊ, मुलगे गुंडाळले.

संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थ समितीने चौकशी केली. जानेवारी १९४८ च्या अहवालात तिने या कृत्याला हेतुपुरस्सर आणि निर्दय ठरवले. म्हणजे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. डच सेनापती जनरल स्पूर याने मेजरवर खटला भरावा की काय, याबद्दल सरकारी मुख्य वकिलाशी विचारविनिमय केला, आणि प्रकरण दप्तरात ठेवून देण्याचे ठरले. चौकशी होते, दोष दिसतो, आणि कागद कपाटात जातो. हा प्रकार पाहण्यासाठी जावापर्यंत जाण्याची आपल्याला गरज नाही.

२७ डिसेंबर १९४९ रोजी हॉलंडने सार्वभौमत्व सोडले. सोडताना वसाहत सरकारचे सुमारे ४.३ अब्ज गिल्डरांचे कर्ज नव्या देशाच्या डोक्यावर ठेवले. त्या कर्जात इंडोनेशियन लोकांविरुद्ध केलेल्या लढाईचा खर्चही होता. मालकाने टाळेबंदी करावी आणि त्या काळातले नुकसान कामगारांच्या पगारातून कापावे, तसा हा मामला. इंडोनेशियाने १९५६ पर्यंत फेड केली आणि मग बाकीचे देणे नाकारले.

रावागेदेच्या विधवांना यातले काही कळले असेल असे नाही. त्या खाचरांत गेल्या. लोंब्या खुडायच्या, वाट्याचे भात घरी न्यायचे, पोरे वाढवायची. पुढे नवे बियाणे आले, विळा आला, मजूर कमी लागू लागले आणि खुडणीचा वाटा आटला. जातिलुहूरचे मोठे धरण १९६७ मध्ये पुरे झाले, पाणी बारमाही झाले, भात वाढला; विधवांचे भात मात्र त्या प्रमाणात वाढले नाही.

हॉलंडात जानेवारी १९६९ मध्ये यूप ह्यूटिंग नावाच्या एका माजी सैनिकाने दूरचित्रवाणीवर, आम्ही जावात युद्धगुन्हे केले, असे उघड सांगितले. मोठा गहजब झाला. सरकारने घाईने एक अहवाल तयार केला; त्यात रावागेदेचा उल्लेख आहे. परंतु त्या अहवालाने 'अतिरेक' हा शब्द वापरला, आणि एकूण सैन्य नीट वागले असा निर्वाळा दिला. शब्द निवडताना सरकारे किती जपतात पाहा : चढाईला पोलिस कारवाई, कत्तलीला अतिरेक.

मग साठ वर्षांनंतर दावा उभा राहिला. हॉलंडमध्ये राहणारे जेफ्री पोंडाग यांनी डचांच्या नैतिक ऋणाची आठवण देणारी एक समिती काढली होती. लीस्बेथ झेखफेल्ड या वकीलबाईंनी काम हाती घेतले. फिर्यादी म्हणजे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या म्हाताऱ्या विधवा, त्या दिवशी वाचलेला एक म्हातारा आणि एक मुलगी. सरकारपक्षाने कत्तल नाकारली नाही. त्याने सांगितले की दावा मुदतीबाहेर आहे.

मी गेली तीस वर्षे कामगारांचे अर्ज लिहीत आलो आहे, आणि हे वाक्य मला पाठ आहे. एकदा एका बंद पडलेल्या कारखान्यातल्या कामगाराच्या बायकोची थकबाकी घेऊन मी एका कचेरीत गेलो होतो. कारकुनाने कागद वाचला, मान हलवली, पैसे देणे लागतात हे कबूल केले, आणि मुदत गेली म्हणून कागद परत दिला. ती बाई मला जिना उतरताना विचारत होती, 'दादा, देणं आहे म्हणतात आणि मुदत गेली म्हणतात, मग नेमकं गेलं काय?' मला उत्तर देता आले नाही. रावागेदेविषयी पहिल्यांदा वाचले तेव्हा मी निकालाची तारीख शोधली ती याचसाठी.

१४ सप्टेंबर २०११ रोजी हेग येथील जिल्हा न्यायालयाने निकाल दिला. (करावांग आपला स्थापनादिन १४ सप्टेंबर १६३३ मानते; योगायोगच.) न्यायालय म्हणाले की सरकार त्या गोष्टी पहिल्यापासून जाणून होते, आणि कृत्य इतके गंभीर आहे की विधवांपुढे मुदतीची ढाल धरणे न्यायाला आणि विवेकाला धरून होणार नाही. वाचलेल्या म्हाताऱ्याच्या बाबतीतही तसेच. तो निकालापूर्वी काही महिने वारला होता. मुलीचा दावा मात्र फेटाळला गेला, कारण पुढच्या पिढीला तो लाभ देता येत नाही. बापाशिवाय वाढलेल्या मुलीला तिचा संबंध दूरचा आहे असे सांगणे मला पटत नाही. पण न्यायाधीशांनी दार किलकिले केले तेही थोडे नव्हे, हे मी कबूल करतो. त्यानंतर याच वाटेने दक्षिण सुलावेसीच्या विधवा गेल्या.

९ डिसेंबर २०११ रोजी, कत्तलीला बरोबर ६४ वर्षे झाली त्या दिवशी, डच राजदूत त्येर्ड दे झ्वान यांनी गावात येऊन सरकारच्या वतीने माफी मागितली. प्रत्येक फिर्यादीमागे २०,००० युरो देण्यात आले. या पैशांनी गावात तंटा झाला. मेले होते शेकडो, दावा लावला होता मोजक्यांनी. बाकीची घरे म्हणाली, आमचे काय? विधवांवर दडपण आले आणि पैशांची वाटणी करावी लागली. ही गोष्ट काही लेखक संकोचाने वगळतात. मी वगळत नाही. चारशे घरांचे देणे नऊ-दहा जणांच्या हातांवर ठेवले तर भांडण ठेवणाऱ्याने लावलेले असते.

२०२० च्या मार्चात डच राजाने इंडोनेशियात येऊन अतिरेकी हिंसेबद्दल क्षमा मागितली. २०२२ मध्ये डच संशोधन संस्थांनीच सांगितले की ती हिंसा तुरळक नव्हती, पद्धतशीर होती. म्हणजे १९६९ चा 'अतिरेक' हा शब्द गेला. २०२३ च्या जूनमध्ये पंतप्रधान रुटे यांनी १७ ऑगस्ट १९४५ हा स्वातंत्र्यदिन निःसंकोच मान्य केला.

करावांग आता बरेचसे कारखान्यांचे झाले आहे. मोटारी तेथे तयार होतात, आणि तेथले किमान वेतन कित्येक वर्षे सबंध इंडोनेशियात सर्वांत वरच्या आकड्यांत राहिले आहे; ते आकडे कामगारांनी रस्त्यावर उतरून मिळवले. लोंब्या खुडणाऱ्या बायकांच्या नाती पाळीवर जातात. गावात १९९० नंतरच्या दशकात उभारलेले स्मारक आहे, दफनभूमी आहे, आणि दरवर्षी ९ डिसेंबरला लोक तेथे जमतात. आजूबाजूला त्या दिवसांत पाऊस असतो आणि खाचरांत पाणी भरलेले असते.