चुंबकीय शीतनातील दिशेचा प्रश्न

रत्नागिरीजवळील काळबादेवीच्या किनाऱ्यावर काळी वाळू आढळते. ती मुख्यतः बेसाल्ट खडकाच्या झिजेतून आलेली असून तीत इल्मेनाइट विपुल आहे. केरळच्या वाळूत मात्र इल्मेनाइटाच्या जोडीला मोनाझाइटही मिळते. १९०९ साली तिकडून निर्यात झालेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शोम्बर्ग या जर्मन रसायनज्ञाला ते सापडले. मोनाझाइटातील प्रमुख विरल मृत्तिका धातू म्हणजे सिरियम. याच धातूच्या एका लवणामुळे चुंबकीय शीतनात दिशेला किती महत्त्व आहे, हे स्पष्ट झाले.

या शीतनाची कल्पना डिबाय व जिओक यांनी १९२६-२७ च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडली. द्रव हेलियमने थंड केलेल्या समचुंबकीय लवणावर चुंबकीय क्षेत्र लावले की त्यातील आयनांचे चुंबक एका दिशेस वळतात, आणि त्या वेळी निघणारी उष्णता हेलियम शोषून घेतो. नंतर लवण उष्णतेपासून अलग करून क्षेत्र काढून घेतले असता ते चुंबक पुन्हा विस्कळीत होतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांतून घेतली जाते व तापमान उतरते. १९३३ साली बर्कली येथे जिओक व मॅकडूगल यांनी गॅडोलिनियम सल्फेट वापरून ०.२५ केल्विनपर्यंत मजल मारली.

गॅडोलिनियमच्या या यशात दिशेचा प्रश्न झाकला गेला. त्याच्या आयनातील सात ४एफ इलेक्ट्रॉनांची मांडणी गोलाकार असल्याने भोवतालच्या स्फटिकाचा तिच्यावर फारसा अंमल चालत नाही. क्षेत्र कोणत्याही दिशेने लावले तरी परिणाम जवळजवळ सारखाच. सिरियमच्या आयनात असा इलेक्ट्रॉन एकच असतो. त्याची मांडणी गोलाकार नसते, म्हणून स्फटिक तिला विशिष्ट दिशेने जखडून ठेवतो. १९५३ साली ऑक्सफर्ड येथे कुक, डफस व वुल्फ यांनी सिरियम मॅग्नेशियम नायट्रेटचा अभ्यास प्रसिद्ध केला. या स्फटिकाचा प्रतिसाद सममिती-अक्षाच्या आडव्या दिशेने चांगला, तर अक्षाच्या दिशेने जवळजवळ शून्य असतो.

हा एकांगीपणा दोष न ठरता साधन ठरला. १९५६-५७ मध्ये वॉशिंग्टन येथे श्रीमती वू, ॲम्बलर व त्यांच्या सहकाऱ्यांना कोबाल्ट-६० ची अणुकेंद्रके अतिशीत अवस्थेत एका दिशेस वळवायची होती. त्यांनी याच लवणाच्या स्फटिकावर कोबाल्टचा पातळ थर वाढविला. आडवे क्षेत्र लावून व काढून स्फटिक थंड केला आणि मग अक्षाच्या दिशेने उभे क्षेत्र लावले. कोबाल्ट त्याला वश झाला. सिरियमला ते क्षेत्र जणू जाणवलेच नाही, म्हणून तापमान चढले नाही. क्षीण आंतरक्रियेत डाव्या-उजव्याची समता पाळली जात नाही, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

पुढे दिशेतूनच शीतन घडविण्याचे प्रयत्न झाले. २०१० साली निओडिमियम-कोबाल्ट संयुगाचा एकस्फटिक स्थिर क्षेत्रात नुसता फिरवून तापमानबदल घडविल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. चूर्णात असंख्य दिशा मिसळून जातात. तिचा ठाव एकस्फटिकातच लागतो. म्हणून क्षेत्राची तीव्रता सांगून अक्ष न सांगणारी नोंद अपुरीच समजली पाहिजे.